झर्झिस आणि आसपासच्या गावांसाठी

“खजूर पोचले का रे?” मबरूकानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता शोरब्याचा एक घोट भुरकला. फोनवरही तो भुरका स्पष्ट ऐकू आला.

“पोचले, लल्ला. आत्ता तुझ्याच खजुरावर रोजा सोडला,” तिजानी म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून लल्लाच म्हणत आला होता. दुपारी शेअर टॅक्सीवाल्याच्या हाती तिनं नेफ्ताहून पेटी धाडली होती, म्हणून अजान संपल्या संपल्या, बायको झोहरा अंडं भरलेली ब्रीक तळून आणायच्या आतच त्यानं फोन लावला होता. एरवी तो शुक्रवारी दुपारी बोलायचा.

मबरूकाला बोलायला कारण लागत नसे. सून गुणाची आहे, पण शोरब्यात मीठ म्हणून घालत नाही; डॉक्टरनं एका म्हातारीचं मीठ तोडलं तर अख्ख्या घराला शिक्षा कशाला, हे तिचं म्हणणं. तिच्या मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकले होते. त्याच डॉक्टरनं रोजे धरायलाही साफ मनाई केली होती. त्यावर तिनं त्याला विचारलं होतं, की कयामतच्या दिवशी माझ्या शेजारी तू उभा राहणार आहेस का. तर आज बाविसावा रोजा सुखरूप पार पडला होता, दुसरा वाडगा भरून झाला होता, आणि तेवढ्यात तिच्या खिडकीतून अजान ऐकू आली.

तिजानीला आधी वाटलं, टीव्ही असेल. तसं त्यानं विचारलंही.

“टीव्ही कसला. आमच्या गल्लीतला मुअज्जिन आहे. रोज असाच उशिरा उगवतो मेला. जिना चढताना झोप लागत असेल. मी नाही बाई त्याच्या भरवशावर बसत. मी आपली तुझ्या आवाजावर रोजा सोडते. सून फोनवर लावून देते.”

“रोज?”

“रोज म्हणजे काय, पहिल्या दिवसापासून. तुझा आवाज आला की खजूर तोंडात. घरी असल्यासारखं वाटतं.”

तिजानीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुढे ती काय बोलली ते त्याला आठवलं नाही. झोहरानं आणलेली ब्रीक ताटलीत तशीच निवली.

झर्झिसच्या रेडिओ नखलावर तिजानी एकतीस वर्षं निवेदक होता. बातम्या वाचायचा, ऑलिव्हचे भाव सांगायचा, समुद्र कसा आहे ते मच्छीमारांना कळवायचा. पण गावानं त्याला ओळखलं ते रमजानमुळे. मशिदींच्या अजानी मागेपुढे होतात, तिजानी होत नाही, अशी त्याची ख्याती. सूर्यास्ताच्या तक्त्यावर बोट ठेवून, राजधानीच्या ठोक्याशी घड्याळ जुळवून तो बसायचा, आणि बरोब्बर क्षणाला म्हणायचा, “झर्झिस आणि आसपासच्या गावांसाठी, मगरिबची वेळ झाली आहे.” मग अजान. सी तिजानीला शिंक आली तर अख्खं गाव रोजा सोडेल, अशी बंदरावर त्याची थट्टा चाले. एकदा तो चार सेकंद आधी बोलला होता, तर दोन रात्री त्याला झोप लागली नव्हती. सी, म्हणजे साहेब, म्हणवून घेण्याजोगं आपण आयुष्यात एवढं एकच केलं, असं त्याला मनापासून वाटे.

त्या वाक्यातल्या पहिल्या चार शब्दांकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. द्यायचं कारणही नव्हतं. टेकडीवरच्या मनोऱ्याचा आवाज चाळीस किलोमीटरवर विरून जायचा. पलीकडे वेळ वेगळी होती, पश्चिमेला नेफ्ताकडे तर सूर्य उशिरा मावळायचा, पण पलीकडे तो ऐकूच जात नव्हता.

मग लोकांचे रेडिओ माळ्यावर गेले. तरुण मंडळी कानात बोंडं घालून हिंडू लागली, टॅक्सीवाले फोनवरून गाणी लावू लागले. केंद्र बंद करायची भाषा सुरू झाली तेव्हा राजधानीतून इन्साफ नावाची नवी संचालिका आली. पस्तिशीची, हसतमुख, कामाला वाघ. तिनं अॅप काढलं, आणि केंद्र पुन्हा उभं केलं, हे तिजानीही नाकारत नव्हता. अॅप सुरू झालं त्या दिवशी त्यानंच मबरूकाला फोन करून सांगितलं होतं, “लल्ला, आता तुला नेफ्तातसुद्धा माझा आवाज येईल.” सुनेला अॅप कसं उतरवायचं तेही त्यानंच समजावलं होतं. त्या वेळी त्याची छाती भरून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केंद्रात गेला आणि स्टुडिओच्या दारामागचा तक्ता काढून टेबलावर पसरला. एकतीस वर्षं त्यानं या तक्त्यातली एकच ओळ वाचली होती. बोट खाली सरकवत तो तोझर विभागापर्यंत आला, कारण नेफ्ता त्यात येतं. झर्झिस सहा सव्वीस. तोझर सहा एकोणचाळीस. तेरा मिनिटं. त्यानं मागचे सगळे दिवस तपासले. एखाद्या तरी दिवशी फरक नसेल अशी वेडी आशा त्याला होती. फरक रोज तोच होता.

त्यानं भाच्याला, लझहरला, फोन लावला. मबरूकाचा हा मुलगा नेफ्ताला खजुराच्या गोदामात मुकादम होता आणि ती त्याच्याकडेच राहायची. मागे फळ्यांचा खडखडाट चालला होता. तिजानीनं अडखळत सगळं सांगितलं. लझहर खडखडाटापासून बाजूला गेला.

“माहितीये, मामा,” तो म्हणाला. “दुसऱ्याच दिवशी बायकोच्या लक्षात आलं.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“मग काय करू? डॉक्टर म्हणतो, रोजा धरू नका. ही ऐकते का? संध्याकाळी डोळे पांढरे व्हायला लागतात तिचे. तेरा मिनिटं आधी पोटात पाणी गेलं तर आम्ही देवाचे आभार मानतो.”

“अरे, पण तिचा रोजा होत नाही.”

“तिच्या लेखी होतो ना. मामा, हात जोडतो, तिला सांगू नका. सांगितलंत तर ती बावीसच्या बावीस परत धरेल. उन्हाळ्यात धरेल. तुम्ही ओळखता तिला.”

तिजानी ओळखत होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मबरूका एकोणीसची. त्याला तिनंच वाढवलं. पाच बाळंतपणांत सुटलेले रोजे तिनं पुढे एकेक करून फेडले होते, तेही ऐन ऑगस्टात, ऑलिव्हच्या बागांना पाणी घालत. तिला कुणी सांगितलं असतं, की आजाऱ्यानं रोजाऐवजी गरिबाला जेवू घातलं तरी चालतं, तर तिनं गरिबाला जेवू घातलं असतं आणि रोजाही धरला असता.

दुपारी तो इन्साफच्या खोलीत गेला. ती पडद्यावर नकाशा पाहत होती. त्यावर ठिपके होते. जिथे जिथे केंद्र ऐकलं जातं तिथे एक.

“बघा, सी तिजानी. ल्यों, मार्सेय, त्रिपोली. काल जर्मनीतून एकशे चौदा माणसं. सगळी आपलीच पोरं. कामाच्या जागी बसून तुमचा आवाज ऐकतात.”

तिजानीनं देशाच्या पश्चिमेला नजर टाकली. खाऱ्या तळ्याच्या काठाशी एकुलता एक ठिपका लुकलुकत होता. ती आपली लल्ला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं त्या चार शब्दांबद्दल विचारलं. यंदा रमजानच्या आधी इन्साफनं त्याचा आवाज एकदाच ध्वनिमुद्रित करून घेतला होता. रोज कुणी बसायला नको, वेळ झाली की यंत्र आपोआप लावतं. त्या मुद्रणात “झर्झिस आणि आसपासच्या गावांसाठी” हे शब्द कापले होते. त्या जागेत टोमॅटोच्या डब्याची जाहिरात बसत होती, आणि मार्सेयमध्ये बसलेल्या माणसाला आसपासची गावं कशाला ऐकवायची, हाही विचार होता. तेव्हा तिजानीनं मान डोलावली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोसोबत इफ्तार करायला मिळणार होतं, म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

“ते शब्द परत घाला,” तो म्हणाला. “लोक चुकीच्या वेळी रोजा सोडतायत.”

“कोण सोडतंय? मार्सेयवाल्याला कळतं ना, आपला सूर्य वेगळा.”

“मार्सेयवाल्याला कळतं. जवळच्याला कळत नाही. देश एक, उपास एक, आवाज रोजचा. त्याला वाटतं, वेळही तीच.”

इन्साफ विचारात पडली. ती वाईट बाई नव्हती. पण जाहिरातीचा करार महिनाभराचा होता, यंत्रातली मांडणी राजधानीतली कंपनी करायची, आणि कंपनीची माणसं ईदनंतरच फोन उचलणार होती. तिनं दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

“लिहून टाकू. अॅपच्या पडद्यावर, ठळक अक्षरात. वेळ फक्त झर्झिस भागासाठी. ते आत्ता करते मी.”

तिनं खरंच तिथल्या तिथे केलं आणि त्याला दाखवलं. मोठी लाल अक्षरं होती, लांबूनही दिसत होती. तिजानी ती बघत उभा राहिला. मबरूकाला अक्षरओळख नव्हती. गावात मोठ्या मुलींना लिहायला शिकवायचे वर्ग निघाले तेव्हा तिच्या कडेवर तो होता.

उतरत्या दुपारच्या नमाजानंतर तो मोहल्ल्यातल्या मशिदीच्या शेखकडे गेला. शेखनं शांतपणे ऐकून घेतलं. माहीत नसताना चूक झाली तर पाप नाही, पण कळल्यावर तो दिवस भरून द्यावाच लागतो, असं तो म्हणाला. तिला कळलं नाही तर, असं तिजानीनं विचारलं. तर तिच्यावर काही नाही, शेख म्हणाला. मग तिजानीनं विचारलं, की ज्याला कळलंय त्यानं ते रोजे तिच्या वतीनं धरले तर. शेखनं मान हलवली. जित्या माणसाचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही. सांगायचं की नाही, हे मात्र त्यानं तिजानीवर सोडलं, आणि तिजानीला ते फार जड गेलं.

पण त्याच्या हातात निदान पुढचे दिवस होते. फोनवर कुणी बोलत असलं की अॅप गप्प बसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी सहा पंचविसाला त्यानं मबरूकाला फोन लावला आणि बोलण्यात गुंतवलं. आई विहिरीवरून यायची तेव्हा कुठलं गाणं म्हणायची, एवढंच विचारलं, आणि गाडी आपोआप चालू लागली. झोहरा त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास धरून उभी राहिली. त्यानं हातानंच नको म्हटलं. सहा एकोणचाळीसला पलीकडे गल्लीतली अजान झाली.

“अगं बाई, बोलण्याच्या नादात राहूनच गेलं,” मबरूका म्हणाली. तिजानीनं डोळे मिटून घेतले. एक रोजा तरी खरा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्पंज काढणाऱ्या शेजाऱ्याची जुनी भांडणं उकरली. तिसऱ्या दिवशी मात्र तिचा आवाज बारीक झाला होता, मध्येच शब्द सुटत होते. हिला आता पाणी हवंय हे तिजानीला कळत होतं, आणि तरी तो बोलत राहिला. आपल्याला वाढवणाऱ्या बाईला तो तहानेनं तळमळत ठेवत होता. गल्लीतली अजान झाल्या झाल्या तिनं फोन बाजूला टाकला आणि घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

चौथ्या दिवशी फोन सुनेनं उचलला, कुजबुजत बोलली आणि ठेवून दिला. अजानच्या वेळी मामांचा फोन घ्यायचा नाही, असा सासूचा हुकूम झाला होता.

पाचव्या दिवशी त्यानं बराच आधी, चारच्या सुमाराला फोन केला. काय सांगायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. सगळंच सांगून टाकू, असंही मनात येऊन गेलं होतं.

“तुला काय झालंय?” मबरूकानं विचारलं. “बायकोशी भांडलायस का?”

“नाही गं.”

“मग रोज संध्याकाळी मला का पिडतोस? दिवसभर मी त्या घटकेची वाट बघते. तुझा आवाज येणार, मी खजूर उचलणार. आणि ऐन वेळेला तू फोन करून विहिरीच्या गोष्टी काढतोस.”

“लल्ला, तो आवाज माझाच आहे. फोनवरचाही माझाच आहे.”

“फोनवरचा तू नुसता बडबड्या आहेस. रेडिओवरचा तू वेळेवर असतोस.” ती हसली, पण तिला धाप लागली. “एकतीस वर्षं अख्खं गाव तुझ्यावर भरवसा ठेवून जेवलं. मी तर तुझी बहीण. मला त्याच्याबरोबर जेवू दे.”

तिजानीचं तोंड उघडलं होतं. लल्ला, ऐक, एवढंच म्हणायचं आणि पुढचं आपोआप आलं असतं. पण पलीकडे तिची धाप त्याला ऐकू येत होती, लांब आणि खरखरीत, आणि त्या धापेवर उन्हाळ्यातले एवढे रोजे लादायची त्याची छाती झाली नाही.

“बरं,” तो म्हणाला. “नाही करत.”

त्या संध्याकाळी तो घरी थांबला नाही. केंद्रात जाऊन रिकाम्या स्टुडिओत बसला. वेळ जवळ आली तशी यंत्रानं आपोआप टोमॅटोची जाहिरात लावली आणि मग त्याचाच ठणठणीत, स्वच्छ आवाज म्हणाला, की मगरिबची वेळ झाली आहे. बटण कुठलं ते त्याला माहीत होतं, हात लावला असता तर आवाज थांबलाही असता. पण बाहेर बंदरावर, बागांत, टेकडीखालच्या घरांत लोक याच क्षणी खजूर उचलत होते, आणि त्यांच्यासाठी हा आवाज खरा होता. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

उरलेले दिवस असेच गेले.

ईदच्या सकाळी मबरूकाचाच फोन आला. आवाज थकलेला, पण आत कुठेतरी सण होता. सुनेनं केक आणले होते, लझहरनं तिला नवा झगा घेतला होता, डॉक्टर हरला होता.

“तीसच्या तीस,” ती म्हणाली. “आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. गेल्या साली अकरा सुटले होते, त्याच्या आधी सगळेच. आता मी डोळे मिटायला मोकळी. उद्या वर मला कुणी विचारलं तर मी सांगेन, माझ्या भावाला विचारा. त्यानंच वेळ सांगितली होती. तू साक्ष देशील ना रे?”

झोहरा दारात उभी होती. नवे कपडे घातलेली शेजारची माणसं अंगणात येऊन थांबली होती.

“देईन, लल्ला,” तिजानी म्हणाला. “सगळे झाले तुझे.”

ईदच्या दुसऱ्या दिवसापासून त्यानं रोजे धरायला सुरुवात केली. झोहराला नवल वाटलं नाही. ईदनंतरचे सहा रोजे पुण्याचे, बरेच जण धरतात. सहा झाले. सातव्या दिवशी पहाटे तो पुन्हा उठून पाणी प्यायला, आणि तिनं संध्याकाळी शोरबा लावला.

तिनं बोटांवर मोजलं असतं तर तिला कळलं असतं, की सत्तावीस व्हायला अजून वीस बाकी आहेत. तिसांतले तीन त्यानं वाचवले होते. शेखनं काय सांगितलंय ते तिजानी विसरला नव्हता. यातला एकही रोजा लल्लाच्या कामी येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि काहीच न करता बसणं त्याच्यानं होत नव्हतं.

रमजान संपला तरी यंत्र रोज वेळ सांगत होतं; संध्याकाळी शेजारच्या खिडकीतल्या फोनवरून त्याचा आवाज आला, आणि अजान झाली. झोहरानं वाडगा पुढे सरकवला. तिजानी जागचा हलला नाही.

“अजान झाली,” ती म्हणाली.

“ऐकली. ती इथली.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. रमजानमधले ते फोन तिनं ऐकले होते, लझहरशी झालेलं बोलणंही अर्धंमुर्धं कानावर पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, की शोरबा निवेल. मग तिनं वाडग्यावर ताटली झाकली, आपला चमचा खाली ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिली.